जेट बोटीच्या तळातला अर्धा बोल्ट

१९ मे, सोमवार

अर्धा बोल्ट. नटासकट. बोटीच्या तळात!

पुराआधीची सफाई म्हणून आज मागच्या फळ्या उचलल्या. खाली वीतभर काळं पाणी साचलेलं. मगानं उपसलं, फडकं फिरवलं, तर हाताला टोचलं. आठ एमएमचा स्टेनलेस बोल्ट, मधोमध तुटलेला, नट अजून त्यावर घट्ट. चाचपडले तर आणखी एक – तसाच! दोघांचीही डोकी गायब.

बोल्ट काही स्वतः चालत तळात येत नाही. कुठून तरी निघालाय. आणि ही जेट बोट – हिला पंखा नाही, खालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, म्हणून उथळ दगडांतूनही जाते. आमच्या पूर-मदत मंडळाकडे सिरोंच्यात ही एकच. नदी चढली की नाल्यात पाणी उलटं शिरतं आणि इप्पागुडा गावाचं बेट होतं. तिथून आजारी माणूस आणायला हिच्याशिवाय काही नाही. कुठला बोल्ट तुटलाय हे कळल्याशिवाय मी हिला पाण्यात सोडणार नाही.

२० मे

दिवसभर मोजले. इंजिनाच्या पायाचे सोळा – पूर्ण. स्टेअरिंगच्या पट्टीचे सहा – पूर्ण. मागे, बाहेरून, जेटला बोटीशी धरून ठेवणाऱ्या कडीचे बारा – बाराही डोकी जागेवर. त्यांना हात लावायची गरजच नाही. नोव्हेंबरात रुजू झाले तेव्हा नवा रबर टाकून मीच आवळलेत. माजरीच्या गॅरेजात शिकलेलं काम आहे ते – पान्याला पाईप जोडून, पाय टेकवून!

म्हणजे एकही कमी नाही. मग हे दोन कुठले?

२२ मे

हेमराजसाहेब आले होते. मंडळाचा कारभार तेच बघतात. बोल्ट हातात घेऊन लगेच म्हणाले, ‘‘हे पत्रूचंच काम. दुसरं कोन असन?’’

पत्रूभाऊ म्हणजे माझ्या आधीचे. बारा वर्षं बोट चालवायचेही तेच आणि दुरुस्त करायचेही तेच. मागच्या ऑगस्टात मधल्या धारेत इंजिन बंद पडलं, आत अकरा माणसं, दोन तास बोट वाहत गेली. कोणी दगावलं नाही. तरी त्यांना घरी बसवलं. दुरुस्तीला मी आले. चालक म्हणून त्यांना परत घ्यायचं का, ते जूनच्या बैठकीत ठरणार आहे.

साहेब जाता जाता म्हणाले, ‘‘काय सापडलं ते लिहून द्या मॅडम. बैठकीत कामी पडते.’’

पत्रूभाऊंना एकदाच भेटले, किल्ल्या घ्यायला. आखूड पाना धरून दाखवत होते – ‘‘बाई, इतकंच आवळाचं. ही बोट नरम हाय.’’ मला हसू आलं होतं. असं गोंजारून कुठं बोल्ट बसतो का!

२३ मे

लिहून दिलं. ‘सदर तुटलेले भाग हे मागील चालकाच्या देखभालीतील निष्काळजीपणाचे द्योतक आहेत.’ द्योतक! माझ्या अक्षरात फार छान दिसतो हा शब्द.

२८ मे

काहीतरी बसत नाहीये.

बोल्ट खिडकीत ठेवलेत. आज चहा पिता पिता सहज बघितलं. नटाच्या खाली लेप लागलाय – पाणी आत येऊ नये म्हणून लावतात तो. राखाडी. पत्रूभाऊंच्या वेळचा लेप काळा होता, मी खरवडून काढलाय, नखांत आठवडाभर होता. राखाडी ट्यूब मी आणली. नोव्हेंबरात, वरोऱ्याहून, येता येता.

आणि तेव्हा हा तळ मी साबण लावून धुतला होता. बोल्ट असते तर तेव्हाच सापडले असते.

मायवं!

३० मे

आज पर्समधला आरसा काढला. डिझेलची टाकी परत बसवल्यापासून तिच्यामागे हात जात नाही, डोळा तर नाहीच. आरसा तारेला बांधून आत घातला, बॅटरी धरली. जेटच्या कडीची आतली बाजू. खालची दोन भोकं – नट नाही, काही नाही. बाहेर डोकी लेपाला चिकटून शहाण्यासारखी बसलेली, आत रिकामं. मोजताना मी बाहेरूनच मोजले ना! आणि माझ्या हातचे म्हणून पाना लावला नाही.

तरी मन मानेना. त्याच डब्यातला नवा बोल्ट घेतला, शिकंज्यात पट्टी धरून त्यात बसवला, पान्याला पाईप जोडला. नेहमीसारखा ओढला. एकदा. दोनदा. टक्! मधोमध. तिन्ही तुकडे ओळीनं मांडले तर सख्खी भावंडं.

नोव्हेंबरातच अर्धे तुटत आले असतील, मग मी अधूनमधून इंजिन चालवून बघायचे, त्या थरथरीनं सुटले. बाकी कुणी नाही. मीच.

माजरीच्या गॅरेजात सहा वर्षं कोळशाचे डंपर केले. तिथले बोल्ट मनगटाएवढे, पाईप लावल्याशिवाय हलत नाहीत. सात जणांत मी एकटी बाई. चाक निघालं की आधी माझ्याकडे बघायचे – रंजीताचं होतं वाटते, बाईचा हात! म्हणून मी सगळ्यांपेक्षा जास्त ओढायचे. खांदा दुखला तरी. कोणी सांगितलं नाही थांब म्हणून, आणि मी कधी थांबले नाही. इथं बघायला कोणीही नव्हतं. तरी तेवढंच ओढलं. लाज वाटते लिहायला, पण पत्रूभाऊंना मी तेच केलं – त्यांचा हात हलका म्हणून काम हलकं, असं धरून चालले.

३१ मे

दुसरं पत्र दिलं. ‘पहिला अहवाल चुकीचा. बोल्ट माझ्या हातून जास्त आवळले गेल्याने तुटले.’ द्योतक वगैरे काही नाही. साहेब तालुक्याला गेलेले, टेबलावर ठेवून आले.

९ जून

बैठक झाली. पत्रूभाऊंचं नाव कापलं. माझा पहिला अहवाल वाचून दाखवला म्हणे, मोठ्यानं. दुसरा साहेबांच्या ड्रॉवरमध्येच!

मी भांडले. खूप भांडले. साहेब म्हणाले, ‘‘आता मांगं घेतला तं मंडळाची काय इज्जत राहिली? आन् तुमची नौकरी? गुपचूप दोन बोल्ट टाकून द्या ना, कोनाले समजते!’’ वर हुकूमही काढलाय – पत्रूनं बोटीत पाय ठेवायचा नाही. नवा चालक प्रणित, नागपूरच्या तलावावरचा. मुलगा सरळ आहे. नदी त्यानं पहिल्यांदा पाहिली.

१० जून

पत्रूभाऊंच्या घरी जाऊन आले. न जाता राहवेना.

बायनाबाई, त्यांची बायको, अंगणात मासळी वाळत घालत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं – बोल्ट, पाईप, अहवाल, ड्रॉवर. ती टोपली टाकून उठली. ‘‘बारा वर्सं यानं लोकायले पुरातून काढलं! आन् आता पानठेल्यावर पोट्टे ह्याले पाहून हासून राह्यले. तुमच्या एका कागदानं, बाई! तुमाले लिहासाठी हात कसा उठला?’’

मान खाली घालून उभी राहिले. रडले थोडी. तिनं बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

पत्रूभाऊ जाळं शिवत होते. हात न थांबवता विचारलं, ‘‘किती तुटले?’’

‘‘दोन.’’

‘‘आन् बाकीचे दहा?’’

ते दहाही मी तसेच ओढलेत! दोनच नवे टाकले असते, आणि भर पुरात कडी निघून आली असती. बोटीत माणसं असताना. या बाईनं आपल्याला बदनाम केलं, हे त्यांच्या तोंडी आलंच नाही. आधी दहा बोल्ट आले.

१२ जून

सगळे बारा बदलले. बोट चढावर ओढून घेतली होती. पत्रूभाऊ आले, पण आत नाही आले. ‘‘हुकूम हाय ना.’’ उन्हात, हातभर लांब, दगडावर बसून सांगत राहिले.

जुने सोडवतानाच चार तुटून हातात आले. चार! प्रणितचा चेहरा बघण्यासारखा झाला.

‘‘पाना बुडापाशी धरू नका. मंधात धरा. खांदा नाई, मनगट. फिरवा... फिरवा... आता जड झाला ना? थांबा.’’

‘‘अजून जातोय तो.’’

‘‘जाईन ना. तुटंपर्यंत जाईन. आपून थांबाचं.’’

पहिल्या तीन वेळा खांदा आपोआप पुढं गेला. सहा वर्षांची सवय, अशी कशी सुटेल! पाचव्यापासून जमलं. बाराव्याला ते काही बोललेच नाहीत, तेव्हा समजले की बरोबर आहे. मग बोटीभोवती एक चक्कर मारली, कडीवरून हात फिरवला – बाहेरूनच – आणि गेले. चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, ‘‘घरी वाट पाहून राह्यली असन.’’

२० जून

साहेबांना तिसरं पत्र. उत्तर नाही.

पाण्यात सोडून पाहिली बोट. तळ कोरडा खट्ट. प्रणितनं धारेत नेताना दोनदा दगडाला घासली. उतरल्यावर मला म्हणतो, ‘‘मॅडम, हे पानी रोज जागा बदलते का?’’ हसावं की रडावं!

८ जुलै

इप्पागुडा पुरानं तुटला. सकाळी तिथून फोन – गावातल्या सोमारीला कळा लागल्यात, रक्त जातंय. प्रणित काठावर उभा राहून खरं बोलला, ‘‘मॅडम, माझ्यानं नाई होत.’’ पत्रूभाऊंना आणायला मी स्वतः पळाले. त्यांनी एकच विचारलं, ‘‘हुकूम?’’ मी म्हटलं, ‘‘मी बघते.’’

बोट त्यांनीच नेली, त्यांनीच आणली. सोमारी दवाखान्यात. मुलगी झाली, दोघी ठीक. बोटीच्या वहीत चालकाच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, शाईनं. परवानगी कोणाची – तिथं माझी सही.

हेमराजसाहेबांचा फोन वाजून राह्यला. उचलते.