सिक लाईनचा खडू

३ ऑगस्ट १९५९, दौंड

आजचा शब्द सोपा आहे म्हणाले हे. रोज सकाळी चहाबरोबर एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, अन् सारख्या अर्थाचे आणखी तीन. परीक्षेपर्यंत असंच चालायचं. शाळेत शिक्षिका म्हणून कायम व्हायचं तर एस.एस.सी. पाहिजे, अन् इंग्रजी माझ्या बोकांडी बसलंय.

शब्द: सिक. म्हणजे आजारी. इल, अनवेल, एलिंग. मी म्हटलं, सुटले! तर म्हणे थांब. मळमळलं तरी सिक. कशाचा वीट आला तर सिक ऑफ. माहेरची आठवण आली तर होमसिक. अन् ह्यांच्या यार्डात मालगाडीचा मोडका डबासुद्धा सिक. हे चाकांवर हातोडी मारत जातात, आवाज बद्द आला की डब्यावर खडूनं फुली. मग तो डबा गाडीतून तोडून सिक लाईनला. दुरुस्त झाला की फिट.

सांगता सांगता ढास लागली. चहा सांडला. पुढचं राहिलं.

५ ऑगस्ट

खोकला हटत नाही. उन्हाळ्यापासून आहे. पट्ट्याला नवं भोक पाडलंय, तेही मला न सांगता. म्हटलं, रेल्वेच्या दवाखान्यात दाखवा. एकदम अंगावर आले.

सिक रिपोर्ट करायचं म्हणजे साहेबाची चिठ्ठी, मग डॉक्टर, अन् तो फिट म्हणेपर्यंत यार्डात पाऊल टाकायचं नाही. म्हणून कुणी जातच नाही. शेजारचे हमीदभाई ह्यांच्याच टोळीत. त्यांची बायको जैनबभाभी सांगत होती, आमचे पण अंगावर काढतात, साधी रजा टाकतात, बाहेरचं औषध घेतात. अख्ख्या यार्डाची हीच रीत. डबा मात्र एका फुलीत बाजूला काढतील. काय म्हणावं ह्या पुरुषांना!

मंगल अजून ह्यांच्याच कुशीत झोपते. पाच वर्षांची घोडी झाली तरी.

९ ऑगस्ट, घोडनदी

नागपंचमी. मंगलला घेऊन माहेरी आले. एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. मेंदी, झोका, फेर, सगळं झालं.

दुपारी बाळू, माझा धाकटा भाऊ, बोलून गेला, "दाजींना आता बरं हाय का? मागल्या बेस्तरवारी वैद्यबुवाकडं आले व्हते." अन् जीभ चावली. मग खोदून विचारलं. चार-पाच वेळा येऊन गेलेत. आक्काला सांगू नको म्हणाले होते. रुमालात रक्त होतं, तेही बाळूनं बघितलंय.

त्या गुरुवारी मला काय सांगितलं होतं? डबल ड्यूटी आहे. अन् मी वेडी, दोन वेळची भाकरी बांधून दिली.

जेवणावरनं उठले. आईला वाटलं प्रवासानं झालं.

१० ऑगस्ट, दौंड

तोंडावर विचारलं. आधी नाहीच म्हणाले. मग जे बोलले ते तसंच लिहिते, डोक्यातून जात नाही म्हणून.

"सिकला गेलेला परतेक डबा फिट होऊन येत न्हाई. शेवटच्या रुळावर बघ जाऊन. चाकांत गवत उगवलंय. ते कंडम. त्यांच्याकडं कुणी बघत पन न्हाई."

म्हटलं, तुम्ही काय डबा आहात? क्षयावर आता इंजेक्शनं निघालीत, माणसं बरी होतात. तर म्हणे, रोगाचं नाव निघालं की काम जाईल, क्वार्टर जाईल, मंगलशी कोण खेळेल?

राग ह्याचा येतो की त्यातलं निम्मं खरं आहे. भाभी तरी मंगलला घरात घेईल का, मी सांगू शकत नाही.

मंगलला माझ्याजवळ निजवलं. बाबा पाहिजेत म्हणून रडली. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. जागेच होते.

१३ ऑगस्ट

मंगल खोकली. दोनदाच. तिच्या पाठीला कान लावून बघितला.

हे म्हणाले, हवा खराब आहे. सकाळचा शब्द दिला होता त्यांनी. कुठला ते आठवत नाही.

१४ ऑगस्ट

मंगलला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. ह्यांना न सांगता. डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. छाती ऐकली, पाठ ऐकली. साफ आहे, साधी सर्दी. कंपाउंडरनं बाटली भरून दिली.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला खोकला? नाही म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं. बाहेर आले, पायऱ्या उतरले, उभी राहिले. मंगल हात ओढायला लागली.

परत वर गेले.

"आहे," म्हटलं. "हिच्या वडलांना. रक्त पडतं."

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. मुलांनी गाणं म्हटलं, मी नुसते ओठ हलवले.

काल संध्याकाळीच साहेबाची चिठ्ठी दारात आली. आजपासून सिक. मंगळवारी पुण्याला एक्सरे. ह्यांनी एकदाच विचारलं, तू सांगितलंस? होय म्हटलं. त्यानंतर बोलणं बंद. शब्दही बंद.

असू दे. शंभर वेळा रागवा. जिवंत राहून रागवा.

१६ ऑगस्ट

भाभीनं कालवणाचा डबा आणला. उंबऱ्याबाहेर ठेवला अन् गेली. रोज मंगलला हाक मारते, आज मारली नाही. डबा उचलताना मला रडू आलं.

१७ ऑगस्ट

डॉक्टरांनी सांगितलंय, अंथरूण वेगळं, ताट-पेला वेगळा. पेले तीन, माझ्या रुखवतातले, तिन्ही एकसारखे. ओळखायचा कसा? दोरा बांधावा का, असं पुटपुटत होते. हे उठले. कामाच्या शर्टाच्या खिशातून खडू काढला, एक पेला पालथा घातला, बुडावर फुली मारली. वेगळ्या फळीवर ठेवला.

मंगलनं विचारलं, बाबा, हा सिक झाला का?

"व्हय," म्हणाले. "ह्याला तू हात लावायचा न्हाई."

तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले. माझ्याशी नाही, पण बोलले.

१८ ऑगस्ट

सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. हमीदभाई रजा टाकून बरोबर गेले, आम्ही कुणी म्हटलंही नव्हतं. मी येते म्हटलं, तर दुसरीकडं बघत म्हणाले, अभ्यास कर. कामाचाच शर्ट घातला, रेल्वेचा माणूस दिसला की लवकर घेतील म्हणून.

अभ्यास कसला. भांडी घासायला बसले. लक्ष सगळं स्टेशनाकडं. तिन्ही पेले राखेनं घासले, विसळले, पालथे घातले, अन् बघते तर फुली नाही. हात सवयीनं फिरला. कुठला त्यांचा, काही केल्या कळेना. खडू त्यांच्या खिशात, पुण्याला.

तिन्ही पातेल्यात टाकले अन् उकळायला ठेवले. दुपारची गाडी येऊन गेली, त्यात हे नव्हते. मंगल तहान लागली म्हणून मागं लागली. तिला माझ्या ओंजळीनं पाणी पाजलं.