चौथा खांब

२७ ऑगस्ट

प्रिय मुर्मान,

आज सकाळी वाख्तांग करवत घेऊन तुझी हेझलनटची बाग तोडायला आला होता. मी त्याला परत पाठवलं. का, ते तुला सांगणं आता भागच आहे, म्हणून हे पत्र. फोनवर तू "बरं ताई, बरं" म्हणून विषय संपवतोस आणि मलाही ते सोयीचं पडतं.

तब्येत ठीक. गुडघा तसाच. गाय व्यायली, कालवड आहे. या पत्राबरोबर गाडीवाल्या गोचाच्या हाती चीजचे दोन गोल पाठवते आहे.

वाख्तांग म्हणाला, "ईझोल्दा, मालकानं सांगितलंय, झाडं काढ, मका लावायचाय."

"मालकाला अक्कल येईपर्यंत थांब."

"कधी येईल?"

"पत्र पोचायला आठ दिवस लागतात."

तो हसत गेला. मी हसले नाही.

तीन वर्षांपूर्वी ते झाडांवरचे तपकिरी ढेकूण आपल्याकडे आले, ते आठव. चिरडला की सडक्या कोथिंबिरीचा वास. दूरदेशाहून कुणाच्या सामानात बसून आलेले, आणि आपल्या कोवळ्या दाण्यात सोंड खुपसून तो सुकवणारे. शेतीखात्याने गंधसापळे वाटले: खांब, त्यावर विषारी जाळी आणि ढेकणांना बोलावणाऱ्या गंधाची पुडी. गावात शेतीचं शिकलेली मी एकटी, म्हणून चारही खांब माझ्या ताब्यात. दर शनिवारी मेलेले ढेकूण मोजायचे, वहीत लिहायचे.

नियम एकच होता. त्या गंधाने नर, मादी, पिल्लं, सगळेच येतात. पण आलेले सगळेच काही जाळीवर बसत नाहीत. आसपासच्या झाडांवर पसरतात. म्हणून खांब बागेपासून लांब हवा. चौथा खांब वरच्या बंद चहा-कारखान्याच्या कुंपणाशी रोवायचा होता. चढ आहे. गुडघा दुखत होता. मी तो आपल्या दोघांच्या बागांमधल्या बांधावर रोवला, तुझ्या बाजूला. वहीत लिहिलं, "कारखाना".

दोन आठवड्यांत तुझ्या पहिल्या ओळीची पानं ढेकणांनी भरली. माझी बाग स्वच्छ. असं का, ते मला त्याच दिवशी कळलं. "कळलं नव्हतं" असं लिहून पाहिलं आणि तो कागद फाडला.

खांब हलवायला एक सकाळ पुरली असती. पण तो कुठे रोवावा हे गावभर मीच शिकवत फिरत होते. शिवाय माझे दाणे भरत होते.

सप्टेंबरात तुझी इर्मा ओंजळभर हेझलनट घेऊन आली, माझ्या ओट्यावर तिने फोडले. दहातले सात सुकलेले, कडू. "वन्सं, बांध एकच, पाऊस एकच. माझ्याच झाडांवर का बसलेत हे?"

मी म्हणाले, "फवारणीच्या वेळी झोपून राहिलं की असंच होतं."

ओट्यावर बसलेल्या शेजारणी हसल्या. संध्याकाळी मी तेच तुला सांगितलं. तू ते तिला कसं सांगितलंस, ते मी माझ्या अंगणातून ऐकलं. बशी फुटलेलीही ऐकली.

पुढचे दोन हंगाम तसेच गेले. दर मे महिन्यात बांधावरच्या खांबाला नवी पुडी मीच बांधली. तू पोलंडला ट्रक चालवायला गेलास, इर्मा झुग्दिदीला आईकडे. गाव अजून म्हणतं, आळशी बायकोनं बाग घालवली. आळशी मी होते.

या मार्चमध्ये तो खांब उपटून कारखान्याशी नेला. कुणाला सांगितलं नाही. दर शनिवारी चढ चढते. काल तुझ्या बागेतले शंभर फोडले. एक्याण्णव चांगले निघाले. झाडांना काही झालेलं नाही. तोडू नकोस.

हे मी काल सांगू शकत होते, मार्चमध्येही. करवत दारात आली तेव्हा पाय हलले.

दुपारी झुग्दिदीला जाऊन आधी इर्माला सांगितलं. तिने बसायला सांगितलं नाही. सगळं ऐकलं, मी नेलेल्यातला एक दाणा उचलून चावला. मग म्हणाली, "तीन वर्षं मी जेवणात कोथिंबीर घातली नाही, वन्सं. वास आला की तुमचं ते वाक्य ऐकू येतं."

मी वही आणि किल्ली तिच्यापुढे ठेवली.

उद्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात त्याच शेजारणींना सांगणार आहे. तू इर्माला फोन कर. तिचं ऐक. माझी बाजू मांडू नकोस, मला बाजू नाही.

तुझी बहीण,
ईझोल्दा

इर्माच्या हाती आज दिलं: सापळ्यांची वही, "कारखाना" खोडून या मार्चआधीच्या प्रत्येक पानावर "मुर्मानचा बांध" असं लिहिलेली. तुमच्या फाटकाची किल्ली, जी ती जाताना माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली होती. शंभर दाणे, चांगले-वाईट वेगळे बांधून. पोच तिच्याच अक्षरात सोबत जोडली आहे:

"वही मिळाली. किल्ली मिळाली. चांगले दाणे नव्वद, एक खाल्ला. माफीचं आज काही लिहीत नाही. इर्मा."