मागच्या डाव्या दरवाजाची काच

८ एप्रिल, सोमवार
गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजाची काच खाली गेली ते गेलीच. बटन दाबलं की आत नुसतं घर्र होते. येत्या शुक्रवारी माझी मोठी बहीण गयाबाई गोंदियाहून येऊन राहिली. पुढच्या सोमवारी दुर्गच्या दवाखान्यात तिच्या मोतियाबिंदूचं ऑपरेशन. डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं. आई गेल्यावर बाईनंच मले वाढवलं. तिले दवाखान्यात माझ्याच गाडीत नेईन-आणीन, काचा बंद, एसी चालू. बायको, अन्नपूर्णा, म्हणे, सुपेल्याच्या राजकुमार मेकॅनिकले दाखवा. कावून? स्टील प्लांटात चौतीस वर्षं मेंटेनन्स केलं. सहा दिवस हातात आहेत. टाइमच टाइम.

९ एप्रिल
दरवाजाचं आतलं कव्हर काढलं. सात क्लिपा, तीन तुटल्या. प्लास्टिकच हलकं. चार पुरतात, कंपन्या उगाच जास्त देतात.

११ एप्रिल
दोन बोल्ट काढले, काच धप्पकन दरवाजात पडली. फुटली नाही. तसंही खाली घ्यायचीच होती. काच ओढणारी तार चाकावरून सुटून गुंता झाला आहे, म्हणजे दोष सापडला. अर्धं काम झालं. बोट कापलं. अन्नपूर्णानं हळद लावली.

१२ एप्रिल, शुक्रवार
बाई आली. स्टेशनवरून आटोनं आणली. संध्याकाळी पोर्चमध्ये माझ्याजवळ खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळानं म्हणे, "लहानू, मले भेव लागते रे. सुई डोळ्यात टोचतात म्हणे."
मी म्हटलं, "बाई, दोन मिनिटं थांब, हा नट बसू दे."
नट बसला नाही. वर पाहिलं तं खुर्ची रिकामी.

१४ एप्रिल, रविवार
काल सुपेल्यातून तार, चाक, मोटर असा पूर्ण नवीन सेट आणला. आज लावायले घेतला तं छिद्रं जुळेनात. उजव्या दरवाजाचा निघाला. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चूक त्याची. आज जयंतीची सुट्टी, शटर बंद. हरकत नाही. जुनीच तार बसवतो.

१५ एप्रिल, सकाळी ७.१०
नऊले पोचायचं आहे. फक्त अर्ध्या तासाचं काम. दोघींले म्हटलं, तुम्ही टॅक्सीनं व्हा पुढं, मी आलोच. बाईनं दोनदा विचारलं, "तू येतोस ना?" येतो म्हणजे काय, येतोच.

११.४०
काच वर! हातानं ढकलली आणि खाली लाकडाची पाचर ठोकली. टेक्निकली दुरुस्त. निघतो.

दुपारी ३
पहिल्याच स्पीडब्रेकरवर पाचर पडली, काच आत. दवाखान्यात पोचलो तं दोघी घरी गेलेल्या. इकडे आलो. बाई डोळ्यावर पट्टी लावून पडली होती. आत नेताना ती म्हणत होती, माहा भाऊ येऊन राहिला, थांबा. नर्स दहा मिनिटं थांबली. हे अन्नपूर्णानं सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, ट्रॅफिक लय होतं.
बाई म्हणे, "काच झाली का तुयी?"
"झालीच समज."
"बरं झालं," म्हणे.

२० एप्रिल
राजकुमारकडे दिली. एका तासात काच वर-खाली. मी बाजूले उभा होतो. त्यानं विचारलं, क्लिपा कोणी तोडल्या. मी म्हटलं, गाडी जुनी घेतली होती.

२२ एप्रिल, सोमवार
बाईले स्टेशनवर सोडलं. डोळ्यावर काळा चष्मा. चारही काचा बंद, एसी चालू, धुळीचा कण नाही. आमच्या रिसालीतून बाहेर पडलो, तेवढ्यात मागून आवाज आला.
"लहानू, काच खाली कर बाबा. बंद गाडीत मले मळमळते."
मी म्हटलं, "कधीपासून?"
"पहिलेपासूनच. लग्न होऊन निघाली तवा जीपमधी ओकली होती, तू बाजूलेच बसला होता."
"मग आधी कावून नाही सांगितलं?"
"तू विचारलं कुठं?"
बटन दाबलं. काच मस्त खाली गेली, आवाजसुद्धा नाही. बाईनं तोंड हवेकडं केलं. अन्नपूर्णा तिचा हात धरून बसली होती. मी स्टेशनपर्यंत आरशात पाहून राहिलो होतो.