रविवारची कोळंबी

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७
ही ‘चार दिवस’ बहिणीकडे गेली, त्याला आज एकसष्ट दिवस झाले. मी अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही. निश्चय: रविवारी हिला जेवायला बोलवायचं. तिखट टोमॅटो सॉसमधली कोळंबी, माझ्या हातची. हिच्यावाचून माझं काही अडत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की नाक मुठीत धरून परत येईल. मानसशास्त्र आहे हे.

मंगळवार, ४
पहिली रिहर्सल. टोमॅटो करपले. दोष पातेल्याचा. जाड बुडाचं कुठे ठेवलंय हे सांगून जायची पद्धत असते. फोन करून विचारलं नाही. ब्रेड खाल्ला.

बुधवार, ५
मासेवालीशी वाद. अर्धा किलो कोळंबी घरी आणून सोलली, तर भरली दोनशे ऐंशी ग्रॅम! एकतीस वर्षं वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतो मी. तडक परत गेलो. म्हणाली, “साहेब, सालं काय मी खाल्ली?” वर म्हणाली, तुमच्या बाई दर शुक्रवारी येतात, बहिणीबरोबर, हसत-खिदळत. “त्या काट्याकडे बघत नाहीत, म्हणून मीच चार जास्त टाकते.”
हसत-खिदळत. दुःख लपवायला माणूस हसतोच.

शुक्रवार, ७
दुसरी रिहर्सल. व्हिडिओतली पोरगी म्हणते, कोळंबी तीन मिनिटं शिजवा. खबरदारी म्हणून वीस दिली. खोडरबर झाली. तिखटाच्या हाताने डोळा चोळला. तासभर पाणी. तिखटामुळेच.
मुलीचा फोन. म्हणाली, “बाबा, आईला सरळ ‘परत ये’ म्हणा ना!” म्हटलं, गरज काय? फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.

रविवार, ९. दुपारी १२
जमली! तीन मिनिटं, घड्याळ लावून. चव घेतली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवार, संध्याकाळी ५
आली. एकटीच. नवी पर्स. दोनदा वाढून घेतलं. मी डबे दाखवले, त्यांवरची लेबलं दाखवली. म्हटलं, बघ, काही अडतंय का माझं?
तिने हात धुतले, पुसले, आणि फार दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, “जेवणाचे हाल होत असतील तुमचे, एवढ्याच एका गोष्टीने जीव खालीवर व्हायचा. येत्या बुधवारी परत यायचं म्हणून बॅग भरून ठेवली होती. बरं झालं बोलावलंत. आता तिकडे निर्धास्त राहीन.”
चपला घालत होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, “रेसिपी पाठवू का?”
म्हणाली, “पाठवा.”

रविवार, ७.२०
पाठवली. उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं.