त्राटिकेने पडू नये

मी, भिका सोमा भोये, वय अंदाजे पंचाहत्तर, मूळचा पेठ तालुक्यातला, सध्या मुलाकडे पेठ रोड, नाशिक इथे राहणार, माझ्या मागे काय कोणाचे ते आज सांगून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. पायांची हमी देत नाही. कोणी धाक घातलेला नाही आणि आज घेतलेलीही नाही. मी बोलतो आणि नात ज्योत्स्ना लिहिते. ती कॉलेजात शिकते, त्यामुळे भाषा थोडी तिची झाली आहे.

१. गावचे घर आणि बँकेत असेल ते बायको चिमणाबाईचे. मी हिला जन्मभर हसवले, असे मी सगळ्यांना सांगतो. ती म्हणते, हसवलेस, पण पाणी मीच भरले. ते खरे आहे.

२. भाताची जमीन मुलगा मयूर आणि मुलगी आशा यांना निम्मी निम्मी. आशाला जावयासमोर विचारू नये, ती नको म्हणेल. एकटीला विचारावे.

३. संबळ वाजवणारा यादव याला माझा कोंबडा. मी नाचताना दमावे म्हणून तो मुद्दाम ताल वाढवायचा. कोंबडा नको त्या वेळी आरवतो. यादवने सुखाने झोपावे.

४. त्राटिकेचे सोंग. आमच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे देव-राक्षसांची सोंगे नाचवायच्या जत्रेत, एकेक सोंग एकेका घराचे असते. मुखवटा लावून त्याच घरच्याने नाचायचे. त्राटिका राक्षशीण आमची. बापानंतर मी नाचवली, लुगडे नेसून, पोरांच्या मागे धावून. एकदा मुखवटा रंगवायला नाशिकला आणत होतो. एसटीत बायकांना अर्धे तिकीट, म्हणून मांडीवरचा मुखवटा दाखवून कंडक्टरला म्हणालो, हिचे पण अर्धे फाड. गाडी हसली. मयूर शेजारी होता, तो खिडकीबाहेर बघत राहिला. तो कारखान्यात सुपरवायझर आहे. माझे हे चाळे त्याला कधी आवडले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नाचता नाचता माझे पायच गेले. पडलो आणि लुगड्यातच लघवी झाली. लोकांना वाटले, म्हाताऱ्याने नवा खेळ काढला. शिट्ट्या पडल्या, यादवने वर संबळ ठोकला. मुखवट्याच्या आत मी रडत होतो.

इथे ज्योत्स्ना लिहायची थांबली. विचारते, “आजा, तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“अगं, माणसं लय हसत होती. त्यांना काय सांगू, मुतलोय म्हणून?”

हे पण लिही म्हणालो.

गेल्या वर्षी गाव म्हणाले, त्राटिका पडलीच पाहिजे. मी मुद्दाम पडलो, आधीची लाज झाकायला. आता पंच बहिरू सांगत फिरतो की त्राटिका पहिल्यापासून पडतच आली आहे.

आणि यंदा मयूर स्वतःहून म्हणाला, “बा, सोंग मी घेतो. पण ते पडणं तेवढं शिकव मला. लोक त्याचीच वाट बघतात.”

गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणल्या त्याने. कामावरून आला की गच्चीवर जातो आणि पडतो. परवा कोपर सोलले. तेव्हा तरी तोंड उघडायचे होते. मी म्हणालो, आधी पाय सैल सोड. असा बाप.

म्हणून लिहून ठेवतो : मुखवटा आणि सोंग मयूरचे. त्याने उभ्याने नाचावे. गावाने कितीही मागितले तरी पडू नये. तो खेळ नव्हता.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. पण बोहाडा याच महिन्यात आहे आणि मला मरायची घाई नाही. तेव्हा सह्या झाल्या की हे चौथे कलम ज्योत्स्नाने मयूरला आजच वाचून दाखवावे. मी तोवर खाली जिन्यात बसेन. वाचून झाल्यावर त्याने खाली येऊन काही बोलू नये. वरूनच चहाला हाक मारावी. तेवढ्यावर मी समजून घेईन.

वरचे सगळे मला वाचून दाखवले, ऐकले, कबूल.

भिका सोमा भोये (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. संतोष वाघेरे, शेजारी (सही)
२. तानुबाई गांगुर्डे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

नाशिक, ११ एप्रिल २०२५