खिडकीतलं अर्धं घरटं

मंगळवार, एप्रिल

अंगणातल्या टाकीचा गळका नळ काल मीच बदलून घेतला. पाणी आठ दिवसांनी येतं, थेंब तरी वाया का घालवायचा?

आज कीटकांवरचा एक ब्लॉग वाचला. लिहिणारी बाई किती सोपं लिहिते! खिडकीतलं मातीचं घरटं कुंभारीण माशीचं. ओली माती आणून बांधते, आत अंडं घालते, पिल्लासाठी अळ्या भरते. देवगावहून आलेले आबा म्हणाले, "कपाशीवरच्या अळ्या उचलती ती. तुला आत्ता कळलं व्हय?"

पण आमचं घरटं अर्धंच राहिलंय. ओली माती तिला त्या नळाखालीच मिळत होती ना! आणि मी स्वतःला शहाणी समजत होते.

संध्याकाळी वाटीभर पाणी तिथं ओतलं. सांडलवंड केली म्हणून सकाळी आबांवर ओरडले होते. ते बघत होते. त्यांनी हातातल्या तांब्यातलं उरलेलंही तिथंच ओतलं.