वऱ्हाडातले तिरंदाज

प्रकाशे, ता. ३ एप्रिल १९५२

चि. पितांबर यास गिरधरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ नवल याचे वऱ्हाड वैशाखात खापर गावी निघेल. वाटेतल्या जंगलात गेल्या साली तिरकामठेवाल्यांनी एका वऱ्हाडाच्या गाड्या लुटल्या. तेव्हापासून मला झोप नाही. मोलगीकडचा भिल्लांचा रेवजी नाईक आपले तिरकामठेवाले सोबतीला देतो म्हणतो, पण किती घ्यावेत? तुझी आई विचारते की हे लग्नाला निघालेत की लढाईला. तू इंग्रजांच्या जुन्या फौजांचे शिकतोस. ते तिरंदाज किती ठेवत, लगोलग लिही. जेवणाची हयगय नको. माया असू दे.

पुणे, ता. १० एप्रिल

तीर्थरूप आबांस शि. सा. न.

पत्र वाचून हसू आले, रागावू नका. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या फौजांत आधी एका चिलखतवाल्यामागे साधारण एकच तिरंदाज असे. पुढे तीन झाले, शेवटी सात, कधी दहासुद्धा. तिरंदाजाची रोजची मजुरी चिलखतवाल्याच्या निम्मी, म्हणून राजांना तेच परवडत. पण आबा, आपण सून आणायला चाललो आहोत, दोघे पुरेत. परीक्षेमुळे मला येता येत नाही. आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.

आपला पितांबर

प्रकाशे, ता. ६ मे

चि. पितांबर यास आशीर्वाद. वि. वि.

लग्न लागले. पण कसे, ते ऐक. आपले लाठीवाले दहा, म्हणून तुझ्या एकामागे तीन या हिशोबाने मी तीस तिरंदाज घेतले. दोघांच्या भरवशावर माझा जीव राहीना. जंगलात वळणावर समोरून तेवढेच तिरकामठे आले. मी गाडीखाली शिरलो आणि नवलचा पाय धरून त्यालाही ओढू लागलो. मुहूर्त गेला, पोरगाही गेला, असेच वाटले. तेवढ्यात रेवजी हसत पुढे झाला आणि समोरच्या म्होरक्याच्या गळ्यात पडला. तो त्याचा साडू! आपले व्याही दगाभाई यांनाही वऱ्हाडाचा घोर, म्हणून त्यांनी सामोरे माणसे धाडली होती. दोन्हीकडचे गडी एकमेकांचे सोयरे. त्यांच्या बिड्या आणि ख्यालीखुशाली संपेना. मुहूर्त कसाबसा गाठला.

मांडवात व्याह्यांनी विचारले की तिरंदाजांना मागाहून, कुंपणाबाहेर वाढायचे ना. मी हो म्हणून मान हलवणार, तोच नवलने सांगितले की ते शेजारी बसल्याशिवाय आपण पानावर बसणार नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग वाटभर ज्यांना भ्यालो, त्यांच्या मध्ये बसून मी लापशी जेवलो. रेवजीने माझ्या पानावर आग्रहाने तूप वाढायला लावले आणि गाडीखाली जागा ऐसपैस होती का, असेही विचारले.

तिरंदाज किती, ते तुझ्या पुस्तकात आहे. लढाई जिंकल्यावर त्यांना कोणत्या पंगतीला बसवत, ते लिहिले आहे का बघ. नसेल तर तसे कळव. आम्हां म्हाताऱ्यांना विसरू नकोस.

तुझा आबा